एक्झिट ७२ : रीजंट गावाने महामार्गावरची माणसं कशी वळवली

इंटरस्टेट ९४ हा अमेरिकेच्या उत्तरेचा मोठा महामार्ग. शिकागो, मिनियापोलिस, फार्गो, बिस्मार्क अशी शहरं घेत तो मोंटानात जातो. शिकागो-मिनियापोलिसकडची मराठी कुटुंबं उन्हाळी सुटीत यलोस्टोन पाहायला गाडीने निघाली की अनेकदा याच रस्त्याला लागतात. नॉर्थ डकोटा राज्यात या रस्त्याची लांबी साडेपाचशे किलोमीटरच्या वर आहे. त्यातल्या बऱ्याच भागात खिडकीबाहेर गहू, सूर्यफूल, गवत आणि आभाळ याखेरीज काही दिसत नाही. इथे थांबावं असं कोणाला वाटत नाही. हा पट्टा कधी एकदा मागे पडतो याची सगळे वाट पाहतात.

बिस्मार्क सोडून पश्चिमेला सव्वाशे-दीडशे किलोमीटर गेलं की ग्लॅडस्टनजवळ ७२ क्रमांकाचा एक्झिट, म्हणजे महामार्गावरून बाहेर पडायचा फाटा, येतो. तिथल्या उंचवट्यावर डोळ्याच्या आकाराची एक अवाढव्य लोखंडी चौकट उभी आहे आणि तिच्यातून रानहंसांचा थवा उडत चालला आहे. उंची साधारण ३३ मीटर, रुंदी ४७ मीटर, वजन साडेएकाहत्तर टन. भंगार धातूचं जगातलं सर्वांत मोठं शिल्प म्हणून २००२ मध्ये त्याची गिनेस बुकात नोंद झाली. हे शिल्प महामार्गावरूनच दिसतं. एक्झिट घेतला की दक्षिणेकडे एक दुपदरी रस्ता निघतो. तो ३२ मैलांचा, म्हणजे सुमारे ५१ किलोमीटरचा. त्याच्या कडेला आणखी सहा शिल्पसमूह आहेत आणि टोकाला रीजंट हे गाव आहे. २०२० च्या जनगणनेत या गावात १७० माणसं होती. रस्त्याला सगळे ‘एन्चांटेड हायवे’ म्हणतात.

या प्रकरणात मला दोन प्रश्न महत्त्वाचे वाटतात. पावणेदोनशे वस्तीच्या गावाने महामार्गावरच्या माणसांना पन्नास किलोमीटर आडवाटेला कसं आणलं? आणि ती आल्यामुळे गाव सावरलं का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर तपशीलवार देता येतं. दुसऱ्याचं उत्तर देताना जपून बोलावं लागतं, कारण अशा गोष्टी सांगताना लोक फार लवकर टाळ्या वाजवतात.

गाव रिकामं कसं झालं

रीजंट ज्या हेटिंगर काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) आहे तिथे १९३० च्या सुमारास साडेआठ हजारांहून जास्त लोक राहत होते. २०२० मध्ये ते २,४८९ उरले. ही घसरण एखाद्या दुष्काळाने किंवा एका कारखान्याला कुलूप लागल्याने झाली नाही. ती या गावांच्या मांडणीतच होती. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकरांचे तुकडे वाटले गेले, वस्ती त्या हिशोबाने वाढली आणि घोडागाडीतून धान्य घालून शेतकरी दिवसात घरी परतू शकेल एवढ्या अंतरावर रेल्वेच्या कडेने गावं वसवली गेली. मग ट्रॅक्टर आला, कापणी-मळणीचा कम्बाइन आला, आणि जिथे पूर्वी दहा-बारा कुटुंबं राबत होती तिथे एक कुटुंब पुरायला लागलं. शेत तेवढंच राहिलं, पीक वाढलं, माणसं मात्र लागेनाशी झाली. १९८० च्या दशकात कर्जाचे व्याजदर चढले, जमिनीच्या किमती कोसळल्या आणि तग धरून असलेली अनेक घरंही उठली. रीजंटची लोकसंख्या १९९० मध्ये २६८ होती, २००० मध्ये २११ झाली, २०१० मध्ये १६०.

गाव रिकामं होताना त्याचा एक क्रम असतो. आधी तरुण जातात, मग दुकान बंद होतं, आणि मुलंच नाहीत म्हणून शाळा शेजारच्या गावात विलीन होते. रीजंटची शाळा मॉट गावाच्या शाळेत मिळाली. शाळेची भक्कम इमारत मागे राहिली. ती इमारत पुढे या प्रकरणात पुन्हा येणार आहे.

१९८७ मध्ये रटगर्स विद्यापीठातले फ्रँक आणि डेबोरा पॉपर यांनी एक प्रस्ताव मांडला. मध्य अमेरिकेच्या गवताळ पट्ट्यातले ओसाड होत चाललेले भाग शेतीतून मोकळे करावेत आणि तिथे पुन्हा रानगव्यांचे, म्हणजे अमेरिकी बायसनचे, कळप फिरू द्यावेत, असा त्याचा आशय होता. आकडेवारी त्यांच्या बाजूची होती. पण त्या पट्ट्यात राहणाऱ्यांना ते वाचून काय वाटलं असेल? आजोबांनी मोडून घेतलेली माळरानं, आपली चर्च, आपली दफनभूमी, आणि दूर पूर्वेला बसलेलं कोणी म्हणतंय की हा प्रयोग फसला, आवरतं घ्या. त्यांचा संताप मी समजू शकते. हा वाद जोरात होता त्याच काळात, १९८९ मध्ये, गॅरी ग्रेफ आपल्या जन्मगावी रीजंटला परतले.

ग्रेफ यांचा हिशोब

ग्रेफ शिक्षक होते, पुढे मुख्याध्यापक झाले. शिल्पकलेचं शिक्षण नव्हतं आणि वेल्डिंगही येत नव्हतं. गाव मरतंय हे त्यांना दिसत होतं आणि ते थांबवण्याचे रूढ मार्ग रीजंटला लागू पडत नाहीत हेही. अशी गावं सहसा कारखाना यावा म्हणून धडपडतात. पण महामार्गापासून पन्नास किलोमीटर आत, मजूरच नसलेल्या गावात कारखाना कोण काढणार? डोंगर नाही, तलाव नाही, मोठं ऐतिहासिक ठिकाण नाही. रीजंटला चुकूनसुद्धा कोणी येत नाही. आणायचं असेल तर मुद्दाम आणावं लागेल.

त्या भागातल्या एका शेतकऱ्याने धातूचा माणूस करून त्याच्या हाती गवताचा गठ्ठा दिला होता आणि लोक गाड्या थांबवून त्याचे फोटो काढत होते. तिथून ग्रेफ यांना कल्पना सुचली. साध्या मापाची शिल्पं बघायला कोणी महामार्ग सोडून एवढं आत येणार नाही, पण जगातली सर्वांत मोठी असतील तर येईल, हा त्यांचा साधा तर्क होता आणि तो ते वर्षानुवर्षं मुलाखतींतून सांगत आले आहेत. दहा शिल्पांची साखळी करायची असं त्यांनी ठरवलं.

या भागात अवाढव्य आकृत्यांची परंपरा आधीपासून होती. याच महामार्गावर जेम्सटाउनला १९५९ पासून काँक्रीटचा प्रचंड रानगवा उभा आहे आणि न्यू सेलमच्या टेकडीवर १९७४ पासून ‘सेलम स्यू’ ही बारा मीटर उंचीची होल्स्टीन गाय. पण हे दोन्ही महामार्गालगत आहेत. माणूस थांबतो, फोटो काढतो आणि पुढे जातो. ग्रेफ यांनी त्याच परंपरेला दिशा दिली. एकच आकृती रस्त्यालगत ठेवण्याऐवजी त्यांनी अशी माळ लावली की एक पाहिलं की पुढचं पाहावंसं वाटावं, आणि असं करता करता माणूस गावाच्या वेशीशी पोहोचावा. या प्रकरणातली सगळ्यात मोलाची कल्पना मला हीच वाटते. शिल्पांच्या आकाराची चर्चा सगळे करतात, त्यांच्यामधल्या अंतराची कोणी करत नाही.

भंगार आणि हात

साहित्य निवडताना ग्रेफ यांनी आजूबाजूला जे पडलं होतं तेच घेतलं. शेतातल्या जुन्या टाक्या, तेलविहिरींचे काढून टाकलेले पाइप आणि टाक्या, टेलिफोनचे खांब, काटेरी तार, पत्रा, कुंपणाची जाळी. पश्चिम नॉर्थ डकोटात शेती आणि तेल दोन्ही आहेत, त्यामुळे असं लोखंड जवळपास फुकट मिळतं. शिवाय तिथल्या जवळजवळ प्रत्येक शेतकऱ्याच्या शेडमध्ये वेल्डिंगचं यंत्र असतं, कारण हंगामात नांगर मोडला तर शहरातून कारागीर येईपर्यंत थांबून चालत नाही. म्हणजे कच्चा माल गावाचा आणि कसबही गावाचं. गावात जे कोणाला करता येत नाही असं काही या योजनेत नव्हतं. पहिल्या शिल्पाला शेतकरी मदतीला आले ते यामुळेच.

ते पहिलं शिल्प म्हणजे १९९१ चं ‘टिन फॅमिली’. पत्र्याचे बाबा, आई आणि मुलगा. बाबांची उंची जवळपास १४ मीटर, आईचे केस काटेरी तारेचे, मुलाच्या हातात लॉलीपॉप. हे कुटुंब बघून हसू येतं, आणि शेतकऱ्याचं कुटुंब त्याच्याच टाक्यांपासून घडवलेलं आहे हे लक्षात आलं की ते जवळचंही वाटतं. १९९३ मध्ये ‘टेडी राइड्स अगेन’ झालं. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर (टेडी) रूझवेल्ट १८८३ मध्ये रानगव्याच्या शिकारीसाठी या भागात आले, मग मेडोराजवळ त्यांनी पशुपालनाचे दोन रँच चालवले, आणि इथल्या वर्षांनी आपल्याला घडवलं असं ते पुढे आयुष्यभर मानत. घोड्यावर स्वार झालेल्या त्या रूझवेल्टना ग्रेफ यांनी विहिरीच्या वापरलेल्या पाइपांमधून उभं केलं. पंधरा मीटर उंचीची ही आकृती भरीव नाही. पाइपांच्या रेघांमधून पलीकडचं आभाळ दिसतं, जणू कोणी क्षितिजावर पेनने चित्र काढलं आहे. सगळ्या मालिकेत मला हे सर्वांत आवडतं, कारण यात माळरानाची मोकळी जागा शिल्पाचाच भाग झाली आहे.

१९९६ चे ‘फेजंट्स ऑन द प्रेअरी’ जाळीचे आहेत. नर बारा मीटर उंच आणि एकवीस मीटर लांब, सोबत मादी आणि पिल्लं. फेजंट हा मूळचा आशियातला पक्षी, पण हेटिंगर काउंटी आता त्याच्या शिकारीसाठी राज्यभर नावाजलेली आहे. १९९९ मध्ये ‘ग्रासहॉपर्स इन द फील्ड’ आलं. यातला सर्वांत मोठा नाकतोडा अठरा मीटर लांब आहे. १९३० च्या दशकात दुष्काळाबरोबर नाकतोड्यांनी उभी पिकं फस्त केली होती, त्या आठवणी इथल्या घरांत अजून आहेत. पर्यटकाला तो गमतीचा मोठा किडा वाटतो, शेतकऱ्याला त्यात आपल्या वाडवडिलांचा शत्रू दिसतो. २००१ मध्ये एक्झिटजवळचे हंस, २००२ मध्ये कुंपणावरून झेप घेणारं तेवीस मीटर उंचीचं हरीण, आणि २००६ मध्ये ‘फिशरमन्स ड्रीम’. यात वर होडीत बसलेला मच्छीमार आणि खाली पाण्यातले मासे, असं दृश्य पाण्याच्या पोटातून पाहिल्यासारखं दिसतं.

उलट्या क्रमाने बांधलेला रस्ता

नकाशावर या शिल्पांची वर्षं मांडली की एक गोष्ट उघड होते. सर्वांत जुनं शिल्प, पत्र्याचं कुटुंब, रीजंटच्या सर्वांत जवळ आहे. रूझवेल्ट आणि फेजंट त्यानंतर थोडे उत्तरेला. महामार्गावरून दिसणारे हंस आले दहा वर्षांनंतर. म्हणजे ग्रेफ यांनी गावापासून महामार्गाकडे बांधत नेलं.

पर्यटनाच्या सल्लागाराने उलट सांगितलं असतं. आधी महामार्गावर पाटी लावा, पाटीचं काम करणारं मोठं शिल्प तिथे करा, गर्दी येऊ द्या, मग आत जा. त्या दृष्टीने पाहिलं तर पहिली दहा वर्षं शिल्पं अशा ठिकाणी उभी राहत होती जिथून बाहेरचं कोणी जातच नव्हतं. पण मला ग्रेफ यांचा क्रम त्यांच्या परिस्थितीत योग्य वाटतो. पहिलं शिल्प गावाजवळ होतं म्हणून गावकरी संध्याकाळी येऊन हात लावू शकले. कामात चुका झाल्या त्याही तिथेच, बाहेरच्यांच्या नजरेआड. वेल्डिंग न येणाऱ्या माणसाने साडेएकाहत्तर टनांच्या चौकटीपासून सुरुवात केली असती तर प्रेअरीच्या, म्हणजे या गवताळ माळरानाच्या, वाऱ्याने ती फार दिवस उभी राहू दिली नसती. हंसांच्या चौकटीपर्यंत पोहोचेतो दहा वर्षांचा अनुभव गाठीशी होता.

या क्रमाची किंमतही मोजावी लागली. पैसा येण्यापूर्वीच लोकांचा उत्साह ओसरू लागला. सुरुवातीला येणारी मदत कमी होत गेली आणि पुढची बरीचशी कामं ग्रेफ यांनी एकट्याने किंवा मोजक्या हातांनी केली. शेतकऱ्यालाही पेरणी-कापणी असते. एखाद्या उन्हाळ्यात गवताच्या गठ्ठ्यांऐवजी पत्रे उचलायला तो येईल, दरवर्षी येणार नाही.

पैशाची बाजू

शिल्पं पाहायला तिकीट नाही. जागा शेतकऱ्यांच्या आहेत, त्या भाडेपट्ट्याने वापरल्या जातात. पैसा येतो तो देणग्यांतून आणि रीजंटमधल्या भेटवस्तूंच्या दुकानातून. ग्रेफ यांनी या कामातून पगार घेतला नाही आणि वर्षानुवर्षं काटकसरीत काढली.

आता एका कुटुंबाचा हिशोब करून पाहू. महामार्ग सोडला, सात ठिकाणी प्रत्येकी दहा मिनिटं थांबले, रीजंटला पोहोचले आणि परत फिरले. जाऊन येऊन शंभर किलोमीटरच्या वर, अडीच-तीन तास. त्यात फोटो भरपूर निघतात, पण खर्च होतो तो आइस्क्रीमचा, एखाद्या टी-शर्टचा आणि इच्छा झालीच तर देणगीपेटीत टाकलेल्या नोटेचा. पेट्रोल बहुधा महामार्गावरच्या डिकिन्सन शहरात भरलेलं असतं, रात्रीचा मुक्काम मेडोरा किंवा बिस्मार्कला ठरलेला असतो. मेडोराशेजारच्या थिओडोर रूझवेल्ट राष्ट्रीय उद्यानात वर्षाला सहा-सात लाखांच्या घरात लोक येतात, आणि त्यांतले बरेच एक्झिट ७२ वरूनच जातात. म्हणजे शिल्पांनी आपलं काम चोख केलं, गाडी वळवली. पण वळलेली गाडी संध्याकाळपर्यंत गावाबाहेर पडत होती आणि माणसांबरोबर त्यांचं पाकीटही परत जात होतं.

रस्त्याकडेच्या कलेवर उभ्या राहिलेल्या बहुतेक गावांची गाडी इथे अडते. गर्दी मोजली जाते, मुक्काम मोजले जात नाहीत. हजार गाड्या येऊन गेल्या तरी गावातल्या एकालाही त्यातून वर्षभराची नोकरी मिळत नसेल, तर तरुण घराला कुलूप लावून जाणारच.

ग्रेफ यांना हे उमगलं होतं. रिकामी पडलेली शाळेची इमारत त्यांनी हाती घेतली, तिला राजवाड्याचं रूप दिलं आणि २०१२ मध्ये तिथे ‘एन्चांटेड कॅसल’ हे हॉटेल सुरू झालं, सोबत जेवणाची सोयही. बाहेर बुरूज, आत चिलखतं. शिल्पांचे हंस-हरणं या मातीतले होते, राजवाड्याचा आणि सरदारांचा नॉर्थ डकोटाशी काही संबंध नाही, आणि माझ्या मते या योजनेतली रुचीने सर्वांत कच्ची गोष्ट हीच. पण व्यवहाराने ती सर्वांत पक्की. कारण एकतर पाडली जाणारी इमारत वाचली. दुसरं, पर्यटकाला रात्री थांबायला जागा झाली. आणि तिसरी गोष्ट बाहेरून चटकन लक्षात येत नाही: शिल्पं पाहायला येणारे मे ते सप्टेंबर येतात, फेजंटची शिकार ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होते आणि जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत चालते. शिकारी एक-दोन रात्री नक्की राहतात, जेवतात, पैसा खर्च करतात. म्हणजे ज्या खोल्या उन्हाळ्यात कलेच्या आधारावर चालतात त्या थंडीच्या तोंडावर शिकारीच्या आधारावर चालू शकतात. लहान गावातलं हॉटेल एका हंगामावर टिकत नाही, दोन असले तर निदान उभं राहतं.

हा टप्पा पहिल्या शिल्पानंतर एकवीस वर्षांनी आला. तो दहा वर्षं आधी आला असता तर? माझा अंदाज असा की मधल्या काळात गेलेल्यांपैकी काही घरं थांबली असती. फार नाही, पण दोनशे वस्तीच्या गावात पाच घरं म्हणजेसुद्धा मोठी गोष्ट असते.

वारा, गंज आणि वय

प्रेअरीवर वारा थांबत नाही. हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस-तीस अंशांवर जातो, उन्हाळ्यात पत्रा हात लावता येणार नाही इतका तापतो. अशा हवेत रंग उडतो, जोड सैल होतात, ताण देणाऱ्या तारा पुन्हा आवळाव्या लागतात. प्रत्येक शिल्पाभोवती गाड्या थांबायची जागा आहे, तिथलं गवत सतत कापावं लागतं. तेवीस मीटर उंच हरणाला रंग द्यायचा तर क्रेन लागते, आणि क्रेनचं भाडं रंगापेक्षा जास्त होतं. नवं शिल्प उभं करायला देणगी मिळते, कारण देणाऱ्याचं नाव त्याच्याशी जोडलं जातं. जुन्याला रंग द्यायला मिळत नाही.

ठरवलेल्या दहांपैकी सात झाली. आठवं, कोळी या किड्याचं जाळं, अनेक वर्षं अर्धवट राहिलं. ग्रेफ यांनी आता सत्तरी ओलांडली आहे. राज्याचं पर्यटन खातं आपल्या जाहिरातीत हा रस्ता अभिमानाने दाखवतं. पण शिल्पाचा पत्रा सुटला तर शिडी घेऊन जाणारा माणूस बहुतेक वेळा एकच राहिला आहे. या प्रकरणातली खरी जोखीम ही आहे, आणि ती पहिल्या दिवसापासून होती. एका माणसाच्या जिद्दीवर उभी राहिलेली गोष्ट त्या माणसाच्या उमेदीच्या काळात फार देखणी दिसते. गावही नकळत हे काम त्याचंच म्हणून सोडून देतं.

कॅन्ससमधलं लुकस

इथे दुसऱ्या एका गावाकडे पाहिलं तर फरक कळतो. कॅन्सस राज्यातलं लुकस हेही गवताळ प्रदेशातलं छोटं गाव, तेही महामार्गापासून आत, इंटरस्टेट ७० पासून साधारण २५-३० किलोमीटर. तिथे सॅम्युएल पेरी डिन्समूर या गृहयुद्धात लढलेल्या माणसाने १९०७ मध्ये, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, आपल्या घराभोवती ‘गार्डन ऑफ ईडन’ उभारायला घेतली. चुनखडीच्या लांब तुकड्यांचं ओंडक्यांसारखं घर, भोवती काँक्रीटच्या मूर्ती: आदम-हव्वा, केन-एबल, आणि बँकर, वकील, डॉक्टर, धर्मोपदेशक यांनी सुळावर चढवलेला कामगार. गंमत म्हणजे डिन्समूरही एके काळी शिक्षक होते. फरक एवढाच की त्यांनी पहिल्यापासून लोकांकडून पैसे घेऊन बाग दाखवली. १९३२ मध्ये ते गेले. आपला देह काचेच्या झाकणाच्या पेटीत ठेवून बागेतल्या समाधीत पाहायला ठेवावा असं त्यांनी सांगितलं होतं आणि तो अजून तिथे आहे.

डिन्समूर गेल्यावर बाग बरीच वर्षं दुर्लक्षित होती. पुढे गावातल्या काही जणांनी मिळून ती विकत घेतली. १९९५ मध्ये गावात ‘ग्रासरूट्स आर्ट सेंटर’ सुरू झालं आणि आसपासच्या, कधीही कलाशाळेत न गेलेल्या लोकांचं काम तिथे जमू लागलं. २०११-१२ च्या सुमारास अशी कलास्थळं जपणाऱ्या कोहलर फाउंडेशनने बागेची शास्त्रशुद्ध स्वच्छता आणि दुरुस्ती केली आणि ती एका स्थानिक संस्थेच्या हाती दिली. २०१२ मध्ये गावाने मोझेकने सजवलेलं कमोडच्या आकाराचं सार्वजनिक स्वच्छतागृह बांधलं, आणि तेही पाहायला लोक येतात. मला हे स्वच्छतागृह फार शहाणपणाचं वाटतं. पर्यटकाची सर्वांत मूलभूत गरज भागवता भागवता गावाने आपल्या कलेची ओळखही सांगितली.

लुकसमध्ये मूळ कलाकाराच्या मृत्यूला नव्वद वर्षं उलटली तरी बाग उभी आहे, कारण वारसा व्यक्तीकडून संस्थेकडे गेला. पण तिथलीही लोकसंख्या २०१० मध्ये ३९३ होती, २०२० मध्ये ३३२ झाली. संस्था होती, कला होती, पर्यटक होते, तरी माणसं कमी झाली. हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो, कारण कलेकडून काय अपेक्षा ठेवावी हे तो स्पष्ट करतो. ट्रॅक्टरने बदललेलं शेतीचं गणित शिल्पं उलटवू शकत नाहीत.

मग रीजंट सावरलं का?

२०१० मध्ये १६०, २०२० मध्ये १७०. दहा माणसांच्या वाढीचं श्रेय शिल्पांना देण्याचा मोह होतो, पण याच दशकात तेलाच्या भरभराटीमुळे सगळ्या नॉर्थ डकोटाची लोकसंख्या सुमारे पावणेसात लाखांवरून पावणेआठ लाखांच्या पुढे गेली. त्यामुळे हे दहा जण कोणामुळे आले हे सांगता येणार नाही. शाळा परत आलेली नाही, आणि ती येईल असंही दिसत नाही.

तरीही १९८९ मध्ये जी गावं रीजंटसारखी होती त्यांतल्या कित्येकांत आज बसून जेवायला जागा नाही. रीजंटमध्ये निजायला खोली आहे, जेवण आहे, दुकान आहे आणि रस्त्यावर अनोळखी गाड्या आहेत. परगावचा माणूस चौकशी करतो, म्हातारी माणसं बाकावर बसून त्याला उत्तर देतात. ज्या पट्ट्याला अभ्यासकांनी आवरतं घ्या म्हणून सांगितलं होतं त्या पट्ट्यातल्या एका गावाचं नाव आज महामार्गावरून जाणाऱ्यांना माहीत आहे. हे थोडं आहे, पण खोटं नाही, आणि माझ्या लेखी त्याची किंमत मोठी आहे.

पुढच्या कामाबद्दल मला तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. सातही जागांचे भाडेपट्टे आणि शिल्पांची मालकी एका स्थानिक विश्वस्त मंडळाकडे जावी, ज्यात शेतकरी, काउंटीचे प्रतिनिधी आणि मॉट-रीजंट शाळेतली माणसं असतील. अशी रचना कागदावर असून पुरत नाही, शिडीवर चढणारे हात त्यात असावे लागतात आणि ते ग्रेफ शिकवू शकतील अशा काळातच तयार व्हायला हवेत. कोणता जोड कुठे आहे, कोणती तार किती ताणलेली हवी हे आज प्रामुख्याने त्यांनाच ठाऊक आहे. दुसरं, गवत आणि खडीचं काम काउंटीच्या रस्ते विभागाने आपल्या नेहमीच्या कामात धरावं, त्यासाठी वेगळ्या देणगीची वाट पाहू नये. तिसरं, आठव्या-नवव्या शिल्पाचा विचार सध्या बाजूला ठेवून जुन्यांच्या रंगकामाचं चक्र बांधावं: दरवर्षी एक शिल्प, सात वर्षांत एक फेरी. एका वर्षी एकदाच क्रेन आणायची, आणि त्या वर्षीच्या शिल्पासाठी हॉटेलच्या प्रत्येक मुक्कामामागे ठरावीक रक्कम बाजूला काढायची. सुरुवात पत्र्याच्या कुटुंबापासून करावी, ते सर्वांत जुनं आहे आणि गावातल्या लोकांना तिथे पोहोचायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत.